ओघळ

ऑक्टोबरातलं टोलेडो. गॅरेजचं दार अर्धं ओढलेलं,
आत दोन हॅलोजन दिवे,
धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी शिंपडलेलं.
केतकीने पत्रपेटीला घासून आणलेली जीप.
तिचं डावं दार मी स्वतः रंगवणार, असं
सगळ्यांना सांगून बसलो होतो.

हिरवा नीट बसला.
मग वरचा क्लिअर कोट. पहिला हात पातळ,
दुसरा जरा ओला.
तिसऱ्याची गरज नव्हती.
पण दार असं चमकत होतं की मला आणखी हवं झालं.
हँडलपाशी हात रेंगाळला, एका श्वासापुरताच,
आणि तिथून एक ओघळ निघाला,
सावकाश, कुठे जायचं ते ठाऊक असल्यासारखा.
त्याच्यामागून दुसरा, जाडसर,
टोकाशी थेंब धरून थांबलेला.

तीस वर्षं मी इथल्या काचेच्या कारखान्यात
वितळल्या काचेचा दाटपणा मोजला.
किती तापली की किती वाहते, कोष्टकं पाठ.
आणि गारठ्यात थिनर उडायला वेळ लागतो
एवढं साधं घरच्या गॅरेजात विसरलो.

बोट पुढे गेलंच होतं.
"हात लावू नकोस!"
अर्ध्या दाराखालून वाकून कॅझ प्रुशिन्स्की, शेजारचा.
जीपच्या कारखान्यात रंगखात्यात एकतीस वर्षं.
आता उजवा हात थरथरतो,
कॉफीचा मग अर्धाच भरून घेतो.
"ओला पुसायला गेलास तर अख्खं दार गेलं.
वाळू दे. चांगला आठवडा."

आठवडाभर येता-जाता मी त्याच्याकडे पाहिलं.
केतकी म्हणाली, बाबा, कुणाला दिसणार आहे?
मला दिसत होता.

शनिवारी कॅझने ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली,
मधलं पाव इंच पातं तेवढं उघडं,
म्हणजे उंचवटा तासला जाईल, सपाटीला ओरखडा नाही.
मग ते माझ्या हातात दिलं.
"माझा हात आता सांगण्यापुरता."

पांढरा भुगा निघाला, खोबऱ्याच्या किसाहून बारीक.
मग ठोकळ्याला गुंडाळलेला पंधराशेचा पॉलिश पेपर,
साबणाच्या पाण्यात बुडवून. मग दोन हजार. तीन हजार.
चार हात मारायचे, पुसायचं, तिरक्या उजेडात बघायचं.
"पाणी पांढरं आहे तोवर ठीक," कॅझ म्हणाला,
"हिरवं आलं की थांब.
म्हणजे, तोवर उशीर झालेला असेल."

चमक आधी जाते.
आरसा होता तिथे हातभर दुधी डाग.
दुरुस्तीतलं हे कुणी सांगत नाही,
की मधल्या टप्प्यावर ती
बिघाडापेक्षा मोठी दिसते.

पॉलिशरने घूं घूं करत परत आणलं सगळं:
आधी दिव्यांचे दोन ठिपके,
मग बाहेरचा मेपल, निम्मा झडलेला,
मग कॅझची टोपी, सरळ, कुठेही न वाकता.

कडेला उडालेलं पॉलिश पुसायला दार उघडलं.
कॅझ वाकला. चष्मा कपाळावर सरकवला.
खालच्या बिजागरीमागे, जिथे कुणी बघत नाही,
एक ओघळ.
माझा नव्हे. कारखान्यातला.
नखाएवढा, पिवळसर, सतरा वर्षांचा कडक.

"आमचाच," तो म्हणाला.
मग थोड्या वेळाने, "दुसरी पाळी. शुक्रवार असणार."
आमचा म्हणजे तुझा का, हे मी विचारलं नाही.
अंगठा त्यावर टेकवून तो तसाच बसला.
हाताची थरथर थांबली होती,
की पत्र्याने ती धरून ठेवली होती,
सांगता येत नाही.

मी ब्लेडकडे बघितलं.
"तो राहू दे," कॅझ म्हणाला,
आणि दार त्यानेच लावलं,
हलकेच,
अजून ओलं असल्यासारखं.